माग थांबल्यावर

जीप बार्शीच्या भंगारवाल्याकडं बाभळीखाली उभी होती,
त्र्याण्णव सालची, पूजो इंजिन,
मागच्या सीटमध्ये कोंबडीनं अंडी घातलेली.
पंचाऐंशी म्हणाला.
मी बॉनेटवर तळवा ठेवला, म्हटलं, चालू कर.
तिसऱ्या सिलिंडरला ठोका होता.
ऐकू नाही आला, हाताला लागला.
ऐकायचं म्हणाल तर
मी तीस वर्षं अठ्ठेचाळीस मागांचा जॉबर,
डावा कान आधी गेला,
उजवा अजून जातोय, घाई नाही त्याला.
बाहत्तरला सौदा तुटला. अंडी त्यानं ठेवून घेतली.

अक्कलकोट रोडचा कारखाना बंद झाला तेव्हा
माग किलोनं गेले, चौतीस रुपयांनी.
एक मला दिला मालकानं, हिशेबात धरून.
बीड वेल्डिंग धरत नाही, इरप्पा म्हणाला,
म्हणून सांगाडा बाकीच्यांच्या मागं गेला,
राहिले बीमचे पाइप.
ते कापून त्यानं जीपच्या डोक्यावर कॅरिअर उभं केलं.
ज्या टोकाला दात्याचं चाक बसायचं,
जिथं माझ्या करंगळीचं पेर राहिलं,
तिथं आता पाण्याच्या कॅनची कडी आहे.

जिलानी मिस्त्री स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून
इंजिनाची तक्रार ऐकतो, मी तळव्यानं.
दोघांचं एकमत होईना.
गड्ड्यातले पाळणे उभे राहिले, फिरले, उतरले,
आमची जीप विटांवरच.
मागचे पाटे नवे, एक पान जास्तीचं.
ट्रान्सफर केसमधून तेलाऐवजी काळा काढा निघाला.
पासिंगला आरटीओचे पाच खेटे,
पाचव्यांदा साहेबांनी विचारलं, हिचं करणार काय?
जिलानीनंही विचारलं होतं, नट आवळताना,
"चाचा, जाने का किधर कू?"
वर. स्पितीला.
"उधर क्या है?"
काही नाही, असं ऐकलंय.

कारण माग थांबून दोन वर्षं झाली,
कानात थांबले नाहीत.
जेवताना, निजताना, मयताला गेलो तरी
खटक् खटक्, धोटा इकडून तिकडं.
नव्या पेठेतला डॉक्टर म्हणाला,
याला औषध नाही, सवय आहे.
सवय मला मागांची होती, डॉक्टर,
पण तेव्हा पगार मिळायचा.

सत्यव्वानं आयुष्यभर विड्या वळल्या,
तिचा हिशेब हजारानं.
नापास चादरीचे तुकडे आणून तिनं पडदे शिवले,
एका मोराची मान शिलाईत गेली,
तो आता ड्रायव्हरच्या बाजूला, बिनडोक्याचा.
बाजेच्या मापाची फळी टाकली,
फळीखाली स्टोव्ह, जॅक, ट्यूब, दोरखंड,
आणि कडक भाकरीचा डबा.
महिनाभर टिकते, म्हणाली,
तेवढ्यात ठरवू परत यायचं का.

पहिली चाचणी नान्नजच्या माळावर.
ओढ्यात लो गिअर टाकला,
चाकांनी वाळू चावली, थोडं फिरली जागच्या जागी,
मग नाक आभाळाकडं करून जीप वर आली.
सत्यव्वानं पुढची दांडी सोडली ती पार वर आल्यावर.
अंधार पडला. इंजिन बंद केलं.
गवत हलत होतं, दिसत होतं तेवढं.

उजव्या बाजूला येऊन तिनं विचारलं,
काय ऐकू येतंय?
माग.
तिनं आपला कान माझ्या कानाला लावला,
जिलानी लावतो तसा, श्वास धरून, बराच वेळ.
मग म्हणाली, किती आहेत?
हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मी मोजायला बसलो.
एकेकाची चाल वेगळी, ओळखीची,
अकरावा लंगडा, तेविसाव्याचा पट्टा सैल.
चाळीसपर्यंत आलो
आणि डिझेलचा वास आला.
फिल्टरचा बोल्ट, परत.
टॉर्च धर, म्हटलं.