दुरुस्त वय

यंत्राच्या खोलीत लोखंड चालत नाही.
एइलिफने खिसे उलटे केले:
किल्ल्या, चाकू, मोड,
अंगठी निघेना, बोटाला साबण लावला.
शेवटी अस्तराच्या फाटक्या शिवणीतून एक गळ निघाला.
तो तिथे कधीपासून आहे
हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

मारेन माझ्या हातात.
तिच्या कागदावर दोन वयं लिहिलेली.
जन्माला झाले चार महिने,
दुरुस्त वय तीन आठवडे.
चौदा आठवडे लवकर आली,
ते वजा करून धरायचे असतात.
"मग ते चौदा आठवडे कुणाच्या खात्यावर?"
त्याने विचारलं. वार्दोचा माणूस,
उधारी नीट लिहून ठेवणारा.
मी म्हटलं, फॉर्मवर तसा रकाना नाही.

दुपारचे बारा. ट्रॉम्सोत अंधार.
पार्किंगमधले दिवे नोव्हेंबरपासून विझलेच नाहीत.

झोपेचं औषध द्यायचं नाही, हा आमच्या अभ्यासाचा नियम.
पोटभर पाजायचं, घट्ट गुंडाळायचं,
इवल्या कानांवर मऊ झाकणं,
आणि मग थांबायचं.
लोक मला चुंबकाबद्दल विचारतात,
किती जोर, किती खर्च.
थांबण्याबद्दल कुणी विचारत नाही.
बारा वर्षांत मी तेच जास्त शिकले.
पापणी मिटली म्हणजे डोळा लागला असं नाही.
मूठ सुटू द्यावी लागते.

काचपेटीत होती तेव्हा नर्सने सांगितलं होतं,
रोज आवाज ऐकवा,
काय बोलता याला महत्त्व नाही.
आईला रक्तस्रावानंतर उठवत नव्हतं.
आणि बापाला अंगाई येत नव्हती, एकही.
म्हणून तो पेटीच्या गोल खिडकीशी वाकून
बंदरावरचे भाव वाचायचा:
कॉड, साफ केलेला, किलोला इतके.
हॅडॉक इतके.
डोकी वेगळी. जिभा वेगळ्या,
जिभा पोरं कापतात, मीही कापायचो,
पहिली सायकल त्यातूनच घेतली, मारेन,
लाल होती.

यंत्र सुरू झालं.
आधी टकटक, मग कुणी बोटीच्या पोटावर
हातोडा मारावा तसं.
ती झोपलेली.
तो तिच्या पायांशी, कानांवर झाकणं लावून,
एका बोटाने दुपटं धरून.

माझ्याकडे जुनं चित्र होतं,
टाळूतून डोकावून घेतलेलं,
दार अजून लागलं नव्हतं तेव्हाचं.
त्यात मेंदू गुळगुळीत,
किनाऱ्यावरच्या गोट्यासारखा.
आज पडद्यावर वळणं.
वळणांत वळणं, चोपून बसवलेली,
जागा कमी आणि सामान फार असं.
मुलांना वळण लावतात म्हणे.
इथे कुणी लावलं?
दुधाने, नळ्यांनी, हॅडॉकच्या भावाने?
आमचा अभ्यास तेच शोधतो आहे,
अजून सापडलेलं नाही,
आणि एका मुलीवरून काही म्हणता येत नाही.

चौथ्या फेरीआधी यंत्र थोडं थांबलं.
तिची मूठ हलली असावी,
कारण तो झाकण सरकवून, खाली वाकून म्हणाला,
"कॉड, साफ केलेला."
तेवढ्यात फेरी सुरू झाली.
तिने मान त्याच्याकडे वळवली.
चित्र पाण्यावर पडलेल्या दिव्यासारखं लांबलं, फुटलं.
नियमाप्रमाणे मी लिहिलं: हालचाल. बाद.
पुन्हा घेतलं. दुसरं स्वच्छ आलं,
अगदी पुस्तकात छापावं असं.
पहिलं पुसायला मात्र
मी कॉफी संपेपर्यंत वेळ लावला.

"ठीक आहे ना सगळं?"
ते सांगायची मला परवानगी नाही.
डॉक्टर सांगतील, पुढच्या गुरुवारी.
एवढं मी सांगू शकते, आणि सांगितलं:
झोपली छान.

तो गेला, गळ विसरून.
टोकाला गंज, पण टोचतो अजून.
बूच लावून, पाकिटात घालून,
वर नाव लिहिलं तिचं.
वय लिहावं लागेल असं उगाच वाटलं,
मग कोणतं ते ठरेना.