रकाना सातवा

यंत्र म्हणतं, अंगठा जुळत नाही.
बावीस वर्षं काजू फोडला,
चिकाने रेषा कधीच खाल्ल्या.
राख चोळली, खोबरेल चोळलं,
अंगठा पेजेच्या वाडग्यासारखा गुळगुळीत.

वेंगुर्ल्याच्या या बँकेत
पैसे येतात: मस्कतहून, कुवेतहून.
जात नाहीत.
कारकून पोरगा फॉर्म उलटा धरतो, सुलटा धरतो.
"सुलेमानिया? ह्या खंय इला, मावशे?"

दाभोलीची मेबल नर्स होती तिथे.
जेवणाच्या सुट्टीत, टरफलांच्या ढिगाशेजारी
तिने सांगितलं:
डोंगरात एक घर आहे कुर्दी बायकांचं.
बाहेर पाटी नाही, आतून तीन कड्या.
रात्री पळून आलेल्या बाया
सकाळी पाटीवर स्वतःचं नाव गिरवतात,
काही तर तिशी उलटल्यावर, पहिल्यांदा.
आता तिथे सरपणाचे पैसे संपलेत.

मी भाकरीचा तुकडा तसाच धरून बसले.
मला अशी कडी मिळाली नव्हती.
ती रात्र एसटी स्टँडवर काढली,
पोर पदराखाली,
आणि सकाळी माहेरानं चहा पाजून
परत पाठवलं.

अठरा जणींचे चार हजार सहाशे चाळीस.
त्यातले चाळीस शेवंतीचे, सुट्टे,
मिठाच्या पुडीत बांधलेले.

रकाना सातवा: घेणाऱ्याशी नातं.
बहीण लिही, म्हटलं.
"पुरावा लागात."

रकाना कोराच राहू दे, बाबा.
अंगठा पुन्हा ठेवते. लाल दिवा.
मागे रांगेत सतरा जणी आहेत,
एकीचा तरी जुळेल.