पोटात ठेवलेलं

फॉर्मवरची चौकट एवढीशी,
तिच्यात आमचे एक आजोबासुद्धा मावणार नाहीत.
'कुटुंबात हा आजार कुणाला होता का?'
आणि पुढे तीन रेघा.
मी पेन दातांत धरून बसलेय.
कालपासून पोटात फक्त ते खारट औषध,
लिंबाची पिवळी जेली,
आणि रात्रभर न्हाणीघराची गार फरशी.
खिडकीबाहेर गँडर शहर धुक्यात विरघळलेलं.

हेडली पार्डी, आजोबा. चोपन्न. 'पोटाचं काहीतरी.'
अझराया, मोठे काका. सत्तेचाळीस.
'त्या हिवाळ्यात पोट बिघडलं होतं.'
ड्रुसिला आत्या. 'बायकांचं दुखणं' म्हणाले सगळे,
पण पेटी उचलणारे चौघे नंतर कुजबुजले,
आत कुणी आहे की नाही तेच कळेना.
रेघा संपल्या.
बाबांना मी समासात लिहिलं, उभं,
खडकाच्या कडेला घर बांधतात तसं:
लिएंडर. एकसष्ट.

आमच्या खाडीत गोष्टी पोटात ठेवायची रीत आहे.
उधारी, पोरीचं प्रेम, भावाभावांतलं भांडण.
संडासात दिसलेलं रक्त
बाबांनी चौदा महिने पोटात ठेवलं.
जिथलं होतं तिथेच.

हेच बाबा दर मे महिन्यात होडी किनाऱ्यावर उलटी करायचे,
तळाला चिकटलेले बारीक शिंपले
पत्र्याने खरवडून काढायचे.
म्हणायचे, वर्ना, बोट फिरव.
डोळ्यांना फसवेल, बोटाला कळेल.
मसुराएवढासुद्धा ठेवायचा नाही.

मग सरकारने कॉडची मासेमारी बंद केली.
होडी किनाऱ्यावरच राहिली, उलटी,
आणि बाबा स्वयंपाकघरातल्या खुर्चीत,
जिथून पाणी दिसतं.
दिवसाला तीस सिगारेटी.
जिन्याखाली खारवलेल्या मांसाची बादली,
ती कधी रिकामी झाल्याचं मला आठवत नाही.
रम फक्त रविवारी;
पुढे पुढे रविवार बुधवारीही यायचा.
खुर्चीची उशी त्यांच्या आकाराची झाली.
धूम्रपान, मद्य, वजन, बैठं काम:
फॉर्म प्रत्येकापुढे हो किंवा नाही विचारतो.
'मासे संपले' याला चौकट नाही.

शेरिल नोजवर्दी हातात सुई लावते.
"तू लिएंडरची ना?" म्हणते,
आणि टेप जरा जास्तच वेळ दाबून धरते.
मी कुशीवर वळते, गुडघे पोटाशी.
पडद्यावर गुलाबी ओला बोगदा.
माझाच, आणि माझी त्याची पहिलीच भेट.
वळणावर एक. मसुराएवढा.
बिनदेठाचा, निवांत,
भाडं वेळेवर देणाऱ्या माणसासारखा.
थोडं पुढे दुसरा, जरा थोराड.
"हा अजून काही झालेला नाही," डॉक्टर म्हणते.
"पुढे झाला असता की नसता, सांगता येत नाही."
तारेचं कडं आवळतं.
दुखत नाही.
गुंगीत मी म्हणे सारखी विचारत होते,
बोट फिरवलंत का? बोट फिरवलंत का?

संध्याकाळी एल्डनला फोन लावला.
फोर्ट मॅकमरीत, तेलाच्या खाणीवर,
अकरा वर्षं ट्रकच्या सीटवर,
माझ्याहून पाच वर्षांनी मोठा.
मागे तव्यावर बोलोन्या चरचरत होती.
मी सगळं सांगितलं, किती मोठे, कुठल्या वळणावर,
प्रयोगशाळेचं उत्तर दोन आठवड्यांनी,
आणि डॉक्टरने विचारलंय, भावंडं किती.
तो म्हणाला, इकडे यंदा बर्फ लवकर पडलंय.
मी म्हटलं, एल्डन.
चरचर थांबली.
बराच वेळ नुसता त्याचा श्वास.
मग अगदी हळू,
जणू शेजारच्या खोलीत बाबांचा डोळा लागलाय:
"ते औषध... फार खारट असतं का गं?"