गाजर

उश्तोबे स्टेशनामागे चार टेबलांची खानावळ.
पाटीवरचं ‘कोरियन’ उन्हाने अर्धं खाल्लंय,
तरी दुपारी जागा मिळत नाही.
ट्रकवाला सापारगाली कुक्सीचा वाडगा
सरळ तोंडाला लावतो,
चमचा आपला बाजूला, कोरडाच.

झोया तेन गाजर किसते.
किसते कसली, कातते:
लांब, ओले, नारिंगी धागे.
व्हिनेगर, धणे, ठेचलेला लसूण,
वरून कडकडीत तेल.
चर्र.

आज सोलहून एक पोरगा आलाय.
खातो. थांबतो. पुन्हा खातो.
काहीतरी विचारतो, त्याच्या भाषेत.
तिच्याकडे त्या भाषेतलं उरलंय ते स्वयंपाकघरापुरतं:
भात, पाणी, खाऊन घे.
बाकी सगळं रशियनमध्ये,
भांडणं, उधारीची वही,
नवरा गेला तेव्हाचं रडणंसुद्धा.

पोरगा मोबाइलवर शब्द उलटवून दाखवतो:
आमच्याकडे हे नसतं.

‘नसणारच,’ झोया म्हणते.
‘आईला मालगाडीतून इथे उतरवलं,
चार वर्षांची होती.
तुमचा तो लांबडा कोबी इथे कुठला?
गाजर होतं.’

मोबाइल ‘मालगाडी’पाशी अडखळतो,
‘गाजर’ मात्र बरोबर सांगतो.

तेवढ्यात सापारगाली, कुणी न विचारता,
आपली बशी त्याच्यापुढे सरकवतो.
‘घे रे. आमच्याकडचं आहे.’

आमच्या म्हणजे कुणाच्या,
झोया त्याला विचारत नाही.
पुढचं गाजर उचलते,
शेंड्याकडून सोलायला लागते.