पत्ता

परभणीच्या मोंढ्यामागं, बंद जिनिंगच्या शेडात
बुधवारी दवाखाना भरतो.
मैनाजीच्या पायाची जखम
रुख्साना सिस्टर धुते, नाकाला रुमाल न लावता.
कव्हापासून पिता, असं नाही विचारत.
आज किती, विचारते.
"कालच्यापेक्षा कमीच की."
खोटं असावं. ती तेच लिहून घेते.

साखरेची गोळी, हात थरथरू नयेत म्हणून दुसरी,
एकाच पुडीत.
पुडी ठेवायला घर कुठंय?
चहावाला इलाही म्हणतो, माझ्या गल्ल्यात ठेव,
रोज सकाळी मागून घे.

कार्डावर पत्त्याची ओळ रिकामी होती.
सिस्टरनं लिहिलं : इलाहीचा गल्ला, मोंढा.

मैनाजीनं कार्ड दोनदा उलटून पाहिलं.
"पोरीनं चिठ्ठी टाकली
तर इथं येईल का?"

इलाही उतू जाणाऱ्या दुधाकडं धावला.