तक्त्यावरचे चार चेहरे

ट्रकने मला वरच्या कुरणात उतरवलं तेव्हा
सोबत होता एक समोवार, दोन रजया
आणि शहरातून दिलेला गुंडाळलेला तक्ता.
त्यावर चार चेहरे:
आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला.

नमद्याचा गोल तंबू म्हणजे बालवाडी.
मेंढपाळांची अकरा मुलं, सगळ्यात थोरला साडेपाचचा.
मला ती एजे म्हणतात. एजे म्हणजे थोरली बहीण.
किर्गिझ पोरांना शिक्षिकेसाठी वेगळा शब्द लागत नाही.

एर्मेक तक्त्याला नाक लावून बघत राहिला.
"एजे, हा रागावलेला नाहीये.
ह्याला शू लागलीये."
बाकीच्या दहांनी माना डोलावल्या.

मग तक्ता उलटा केला.
पाठच्या कोऱ्या बाजूवर कोळशाने
ती सांगतील ते काढत गेले.
राग: किटलीचं थडथडणारं झाकण.
भीती: रात्री भुंकता भुंकता कुत्रा एकदम गप्प होतो, ती.
(हे काढायचं कसं? मी मिटल्या तोंडाचा कुत्रा काढला.)
सैकालने सांगितलं त्याला नावच नव्हतं:
आई पहाटे घोडीचं दूध काढायला जाते
आणि तिची जागा अजून ऊबदार असते.
तिथे मी कोळसा खाली ठेवला.

आठवडा बरा गेला.
मग तोल्कुनच्या हातातलं लाल रंगवलेलं मेंढीचं हाड
एर्मेकने हिसकावलं,
आणि ती त्याला कडकडून चावली.

माफी माग, असं माझ्या तोंडात आलं होतं.
गिळलं.
दोघांच्या मध्ये बसले, गुडघे दुखेपर्यंत.
समोवार कुरकुरत होता.
"कुठे बसलाय तो?" मी विचारलं.
"दातांत," तोल्कुन म्हणाली. "अजून आहे."
"माझा इथे," एर्मेकने पोट दाखवलं,
मग जरा विचार करून कानही.

बराच वेळ कोणी काही बोललं नाही.
मग एर्मेकनेच दंड उलटा करून पाहिला.
चावल्याच्या खुणा गोल, कुरणात टाकलेल्या तंबूंसारख्या,
आणि मध्येच एक फट.
"इथला तंबू कुठे गेला?"
तोल्कुनने तोंड उघडून दाखवलं:
शिंगरावरून पडून गेलेला दात.
दोघांनी तंबू मोजले. सात.
पुन्हा मोजले. सातच.
हाड मात्र त्याने लगेच दिलं नाही.
संध्याकाळी दिलं, तेही दह्याने चिकट झालेलं,
आणि तिने ते फ्रॉकला पुसून खिशात टाकलं.
एवढंच.

निजायच्या वेळी एर्मेक म्हणाला,
"एजे, तू पाण्याला इतकी लांब का जातेस?
ओढा तर इथे जवळ आहे."
जवळच्या ओढ्यापलीकडे सोनुनब्यूचा तंबू.
तिसरा उन्हाळा आहे.
बाबांची भुरी घोडी कोणाची, ह्यावरून
आम्ही एका ताटात जेवलेल्या दोघी
वाटेत भेटलो तर डोंगराकडे बघतो.
"तिकडे चिखल असतो," मी म्हणाले.
"कुठे बसलाय तो?" पोराने विचारलं,
अगदी माझ्याच आवाजात.

खोटं बोलायला अंधार पुरेसा होता.
"मनगटात," मी म्हणाले.
"तिने दोर ओढून घेतला होता ना, तिथे."
त्याने अंधारात मनगट चाचपलं,
दोन बोटांनी, नाडी बघितल्यासारखं,
आणि तसाच झोपून गेला.

सकाळी बादली घेऊन जवळच्या ओढ्यावर गेले.
अकराच्या अकरा मागे,
शिकवल्याप्रमाणे ओठांवर बोट ठेवून.
पलीकडे ती गालिचा झटकत होती, पाठमोरी.
पाण्याचा आवाज फार होता.
पहिल्यांदा हाक घशातच राहिली.
दुसऱ्यांदा निघाली, बेसूर:
"एजे!"

ती वळली का, ते मला लगेच दिसलं नाही.
मागे पोरं एकमेकांकडे बघत होती,
आणि सैकाल कुजबुजत होती,
"एजेलापण एजे असते?"