समासात

अनुदानातून आलेल्या खोक्यात बेचाळीस पुस्तकं होती.
त्यात हे एक कसं शिरलं
कुणालाच सांगता आलं नाही.
वाइनची ओळख. मराठीत. गुळगुळीत कागद.
मुखपृष्ठावर लांब देठाचा ग्लास
आणि मागे नाशिककडची कुठलीशी टेकडी.
आमचा जिल्हा दारूबंदीचा.
मी दाखल क्रमांक टाकला, ४१०७,
आणि शेतीच्या कपाटात सरकवून दिलं
भातावरची कीड आणि शेळीपालन यांच्या मधे.

सहा महिन्यांनी कार्ड काढलं
तर एकच नाव, सात वेळा:
कौतिका हलामी.

कौतिका म्हणजे अंगणवाडीची मदतनीस.
कौतिका म्हणजे त्या साली बायकांच्या पुढे चालत
नाल्याकाठच्या भट्ट्यांवर गेली होती ती.
पहिलं मडकं तिनंच फोडलं.
ते तिच्या बापाचं होतं.

पुस्तक उघडलं.
समासात शिसपेन्सिल, अंगणवाडीतलीच, बोथट.

"इथं लिवलं का द्राक्षं पहाटे खुडावी.
मोह खुडत नाई. तो आपल्या मनानं पडते.
आपल्याले फक्त अस्वलाच्या आधी पोचा लागते."

चेरी, चामडं, तंबाखू, अशी चवींची यादी होती
तिथं पान कोपऱ्यापर्यंत भरलेलं:
"चेरी पाह्यली नाई. चार अन् टेंभरं लिवा.
फुलं तीन दिस वाळली तं बेदाण्यावानी,
पाचव्या दिशी गुळावानी.
झाडाखालचा पाला जाळून वेचली असन
तं धूर शेवटपर्यंत सुटत नाई.
बाबा अशी फुलं वापस करे."

लाकडी पिंपाच्या चित्राखाली:
"नवं मडकं कामाचं नाई.
ज्याच्यात आंधी आंबलं, त्यालेच आठवते."

ग्लास नेहमी देठाला धरावा, यापुढे:
"पळसाच्या डोन्याले देठ नसते.
पयला डोना धरतीचा. मंग मानसाचा."

एका पानावर नुसतं 'चूक'.
ते खोडून, खाली बारीक:
"चूक नाई. त्यायच्याकडं तसं असन."

आणि एकदा, कुणी विचारलेलं नसताना:
"मी घेत नाई. कधीच नाई घेतली.
वासावरून सांगतो."

मळपृष्ठाच्या आतली बाजू कोरी होती, ती उरली नव्हती.
"फोडलं तवा नाल्याले तीन दिस वास होता.
मी पान्याले दुसऱ्या वाटेनं गेली.
सोमाबाईचा नवरा त्यानंतर मारत नाई, ते बराबर झालं.
पन त्या वर्षी फूल चांगलं होतं.
त्या मडक्याची पयली धार कशी लागली असती
हे आता कोनालेच मालूम नाई.
बाबालेबी नाई."

तपासणी सोमवारी होती.
नियम असा की पुस्तकावर लिहिणाऱ्याकडून
पुस्तकाची किंमत वसूल करावी.
मी खोडरबर घेऊन बसलो.
'सांगतो'मधला एक अनुस्वार पुसला.
मग परत दिला. तिच्यासारखा जमला नाही,
तिचा गोल आहे, पडलेल्या फुलासारखा,
माझा नुसता ठिपका.

तालुक्याच्या साहेबांनी कपाटं मोजली,
चहा घेतला, शेळीपालन चाळलं.
४१०७ च्या पुढे शेरा विचारला.
मी म्हणालो, वाचकप्रिय.
त्यांनी तसंच लिहून घेतलं.

शनिवारी कौतिका आली, पदराआड पुस्तक,
जसं त्या वर्षी बायका काठ्या आणायच्या.
टेबलावर ठेवलं, पेन्सिलीचं टोक
नखानं तपासत उभी राहिली.
दंडाबद्दल ती बोलली नाही. मीही नाही.

"सर, याच्याहून रुंद समासाचं
एखांदं पुस्तक आहे का?"

मी शेळीपालन काढून पाहिलं.
अर्ध्या बोटाचा होता.